कट्ट्यावरचे प्रश्न: मायलेज, ऑरेंज अलर्ट आणि कान देऊन ऐकणारा मोबाईल

या महिन्यात पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून इतका ढीग झालाय की काय सांगू, आणि त्यातली निम्मी तर पेट्रोलवरच आहेत. दोन जणांनी पंपाच्या पावत्या जोडून पाठवल्यात, एकाने मीटरचा फोटो. म्हणून आधी तोच विषय उरकतो. उरकतो कसला, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

प्रश्न: माझी २०१४ ची बाईक आहे, कार्ब्युरेटरवाली. आधी ५५ द्यायची, आता ४५ च्या वर जात नाही. गॅरेजवाला म्हणतो इथेनॉलने वाट लावली. माझे साडू साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहेत, ते म्हणतात सगळ्या अफवा, उलट इंजिन थंड चालतं. दर रविवारी ताटावर बसलं की हेच भांडण, बायका वैतागल्यात. खरं कोण बोलतंय? आणि इथेनॉल आपल्याच ऊसातलं ना, मग पेट्रोल स्वस्त का होत नाही? — बारामतीचे एक वाचक

उत्तर: दादा, गॅरेजवाला दिशा बरोबर सांगतोय पण आकडा चुकतोय, आणि साडूंचं एक वाक्य खरंय, पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाहीये.

हिशोब करू. एक लिटर पेट्रोल जाळलं तर साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक लिटर इथेनॉल जाळलं तर २१. म्हणजे इथेनॉल लिटरमागे एक तृतीयांश कमी पडतं, त्याला इलाज नाही, तो त्या रसायनाचाच गुण आहे. आता पंपावर मिळतं तसं २० टक्के मिश्रण, म्हणजे लिटरमध्ये ८०० मिली पेट्रोल आणि २०० मिली इथेनॉल घातलं तर होतात २९.८ च्या आसपास, म्हणजे शुद्ध पेट्रोलपेक्षा ७ टक्के कमी. पण तुम्ही शुद्ध पेट्रोल शेवटचं कधी भरलंत? देशाची सरासरी जून २०२२ मध्येच १० टक्के मिश्रणावर पोचली होती, तेव्हा कुणी ताटावर भांडत नव्हतं. १० वरून २० वर जाताना फरक पडतो साडेतीन टक्क्यांचा. तुमच्या ५५ चे त्या हिशोबाने ५३ व्हायला हवेत, अगदी शुद्ध पेट्रोलपासून मोजलं तरी ५१. नीती आयोगाचा २०२१ चा अहवालही याच घरात आहे, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या दुचाकीला ३ ते ४ टक्के आणि तशाच चारचाकीला ६ ते ७ टक्के घट धरली होती त्यांनी. तुमची घट आहे १८ टक्के. मग उरलेले सहा-आठ किलोमीटर कुठे गेले ते एअर फिल्टर, चेन, क्लच प्लेट, घासणारा ब्रेक आणि टायरची हवा यांना विचारावं लागेल. दहा वर्षं उलटून गेलेली गाडी आहे हो, आपलंही मायलेज पडलंयच की.

तरीपण कार्ब्युरेटरची गाडी आहे म्हणून गॅरेजवाल्याच्या बाजूने एक मुद्दा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत इंधन जरा जास्त लागतं. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या तोंडाशी सेन्सर असतो, तो वास घेऊन इंधन वाढवतो, आपल्याला कळतही नाही. कार्ब्युरेटरला नाक नाही. त्याच्या जेटचं, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक कंपनीने पाडलं तेवढंच, मग मिश्रण पातळ होतं, सकाळी चोक ओढूनही धक धक करत बंद पडते, चढाला मिसिंग. चांगला मेकॅनिक स्क्रू फिरवून किंवा जेट बदलून हे बरंचसं आटोक्यात आणतो. आणि जुने रबरी पाईप, ओरिंग, गॅस्केट बघून घ्या, २० टक्क्यांना चालतील अशा मटेरियलच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या, तुमची त्याच्या खूप आधीची.

साडूंचं थंड इंजिन: इथेनॉलची वाफ होताना उष्णता जास्त खेचली जाते हे खरं, ऑक्टेनही जास्त असतो त्यामुळे नॉकिंग, म्हणजे इंधन वेळेआधी पेटून इंजिन ठकठकणं, कमी होतं हेही खरं. पण त्याचा फायदा उचलायला इंजिनचं कॉम्प्रेशन तसं बनवावं लागतं. जुन्या इंजिनला जास्त ऑक्टेन म्हणजे दात नसलेल्याला चकली.

आता माझी एक फजिती सांगतो. माझी स्कूटर अख्खा पावसाळा चिपळूणला भावाच्या पडवीत उभी होती. गणपतीत काढली, चालू झाली, दोन किलोमीटरवर गप्प. मेकॅनिकने टाकीच्या तळाचं एका कापलेल्या पाण्याच्या बाटलीत काढलं आणि उन्हात धरून दाखवलं, वर पिवळसर पेट्रोल आणि खाली दोन बोटं गढूळ थर, मध्ये अगदी रेघ आखल्यासारखी. इथेनॉल पाणी ओढून घेतं, थोडं असेल तर सामावूनही घेतं, पण प्रमाणाबाहेर झालं की ते आणि पाणी हातात हात घालून तळाला बसतात, आणि इंजिनला जाणारी नळी तळातूनच निघते. गावभर सांगत सुटलो की इथेनॉलने फसवलं. मग भावाची मुलगी म्हणाली, काका, झाकणाचं रबर बघा. फाटलेलं होतं. पाणी पागोळीचं होतं, इथेनॉलने फक्त ते सांभाळून ठेवलं होतं माझ्यासाठी. तर गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत हवा कमी म्हणजे दमटपणा कमी.

स्वस्ताईचं विचारलंत. आपल्याला वाटतं मळीपासून बनतं म्हणजे फुकटात पडत असेल. २०२४-२५ च्या हंगामात सरकारने ठरवलेले खरेदीचे भाव बघा: सी-हेवी मळीच्या (साखर जवळजवळ सगळी काढून घेतलेल्या) इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे, बी-हेवीला (थोडी साखर आत ठेवलेल्या मळीच्या) ६० रुपये ७३ पैसे, ऊसाच्या रसाला ६५ रुपये ६१ पैसे आणि मक्याला ७१ रुपये ८६ पैसे. हा कारखान्याच्या दारातला भाव, वाहतूक आणि जीएसटी वेगळा. पंपावर पेट्रोल शंभरीच्या पुढे दिसतं कारण त्यात केंद्राचा कर, राज्याचा व्हॅट, डीलरचं कमिशन सगळं आहे, रिफायनरीतून निघणारं पेट्रोल काही शंभरचं नसतं. तेव्हा इथेनॉल मिसळल्याने तेल कंपनीचा खर्च घटत नाही. फायदा आहे तो दुसरीकडे, देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, ते डॉलर वाचतात, आणि कारखान्याला साखर विकली जायची वाट न बघता पैसा मिळतो म्हणून ऊसाची बिलं वेळेवर निघायला मदत होते. तुम्ही बारामतीचे, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण त्याच गावात डिसेंबर २०२३ आठवा, पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने रसापासून इथेनॉल करायला एकदम बंदी घातली, आणि कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेले कारखाने तोंडात बोट घालून बसले. नंतर सवलत मिळाली. मग भार मक्यावर गेला आणि आता पोल्ट्रीवाले खाद्याच्या भावावरून ओरडतात. कुणाच्या तरी ताटातून जातंच.

माझं मत विचाराल तर मिसळण्याला माझा विरोध नाही, विचारायचंच नाही याला आहे. ब्राझीलने १९७५ पासून हा उद्योग केलाय, तिथे पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल असतं, पण शेजारच्याच नळीला नुसतं इथेनॉलही मिळतं आणि २००३ पासून दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. तिथला माणूस पंपावर उभा राहून तोंडी गणित करतो, इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असला तर ते भरायचं, नाहीतर पेट्रोल. म्हणजे मायलेज कमी मिळतं हे तिथे उघड धरलेलं आहे, लपवलेलं नाही. आपल्याकडे शुद्ध पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. तेव्हा नळी एकच राहणार असं धरून चाला.

आणि साडूंशी भांडायच्या आधी हे करा: एकाच पंपावर, गाडी मधल्या स्टँडवर, पहिला ऑटो कट होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी तस्संच भरा आणि मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. असं पाच टाक्या. एका टाकीचा आकडा धरू नका, एकदा मागे कोणी बसलं आणि एकदा नाही एवढ्यानेच तीन-चार किलोमीटर इकडचे तिकडे होतात. माझ्या स्कूटरचे दोन वर्षांपूर्वी ४६ होते, आता ४३ आहेत. त्यातला निम्मा माझ्या पोटाचा घेर असावा.

प्रश्न: ऑरेंज अलर्ट म्हणून पुण्यात शाळा बंद ठेवल्या आणि दिवसभर कडकडीत ऊन! मुलं सोसायटीत क्रिकेट खेळत होती. हवामान खातं बंद करून आमच्या आजीच्या गुडघ्याला पगार द्यावा असं ह्यांचं मत. मी म्हणते अंदाज चुकणारच, हे म्हणतात मग सुपरकॉम्प्युटर कशाला घेतला. तुम्ही सांगा. — कोथरूडच्या एक वाचक

उत्तर: ताई, आजीच्या गुडघ्याचा पूर्ण आदर ठेवून, आधी तो अलर्ट नक्की कुणाला होता ते बघितलंत का? मुंबईच्या प्रादेशिक केंद्राच्या तक्त्यात हल्ली पुण्यासारख्या जिल्ह्याचा घाटमाथा वेगळा दिलेला असतो. 'पुणे घाट' ऑरेंज आणि बाकी 'पुणे' येलो, म्हणजे एक पायरी खालचा, असं खूपदा असतं, आणि टीव्हीच्या खालच्या पट्टीत येईपर्यंत त्यातला 'घाट' गळून पडतो, उरतं 'पुण्याला ऑरेंज'. तेच ग्रुपवर फिरतं, वर दोन विजेचे इमोजी.

आणि पुणे जिल्हा म्हणजे काय चीज आहे बघा. एका टोकाला ताम्हिणी, दुसऱ्या टोकाला इंदापूर. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर नोंदवला गेला, त्याच दिवशी शिवाजीनगरला ११४, आणि तेवढ्यानेसुद्धा सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं कारण वर धरणातून सोडलेलं पाणी येतच होतं. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला त्या मानाने काहीच नाही. सह्याद्रीचं हे असंच आहे, ढग वर चढताना सगळं रितं करतात आणि पलीकडे रिकाम्या हाताने उतरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आणखी खाली उतरून साताऱ्याच्याच माण-खटावात गेलात तर तिथला शेतकरी आभाळाकडे बघून थकलेला असतो. एवढ्या अंतरात सगळ्याला मिळून एकच रंग द्यायचा म्हटल्यावर कुणीतरी हसणारच.

मिलिमीटरचं एक सोप्पं ध्यानात ठेवा, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या बिल्डिंगची गच्ची १००० स्क्वेअर फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर धरली तर खात्याच्या भाषेतला 'जोरदार' पाऊस, जो ६४.५ मिलिमीटरला सुरू होतो, तो तुमच्या गच्चीवर ६००० लिटर ओततो. 'अति जोरदार' ११५.६ पासून आणि 'अत्यंत जोरदार' २०४.४ च्या पुढे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता, तेवढ्याच गच्चीवर ८७ हजार लिटरच्या वर, जवळजवळ नऊ मोठे टँकर. आणि त्याच दिवशी कुलाब्याला? ७३. शहर एक, दिवस एक, मधे लोकलचा तासाचा प्रवास. त्या दिवशी कुलाब्याच्या माणसाने ऑफिसच्या खिडकीतून बघून काय म्हटलं असेल विचार करा. तुमच्या मिस्टरांनी म्हटलं तेच!

अजून एक गंमत, खात्याचा 'दिवस' सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी संध्याकाळी धो धो पडला तर आकडा बुधवारच्या तारखेने येतो. निम्मी भांडणं या तारखेचीच असतात, एक जण म्हणतो मंगळवारी पडला, दुसरा कागद दाखवतो की बुधवारी.

सुपरकॉम्प्युटरचं. पाषाणला, तुमच्यापासून फार लांब नाही, उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत 'अर्का' नावाचा सुपरकॉम्प्युटर २०२४ पासून आहे, आणि मे २०२५ मध्ये त्यावरची नवीन अंदाज पद्धत सुरू झाली. आधीच्या पद्धतीत देशाच्या नकाशावर १२ किलोमीटरच्या चौकटी पाडलेल्या असायच्या, आता ६ किलोमीटरच्या. एका चौकटीत गणिताला एकच पाऊस, एकच तापमान दिसतं. आपल्याकडचा वळीव कसा असतो, अर्धा कोथरूड ओला आणि डेक्कनला धूळ. तो दोन-तीन किलोमीटरचा ढग ६ च्या चौकटीत मावतो कुठे? त्याला रडार लागतं, आणि रडार सांगतं ते पुढच्या दोन-तीन तासांचं, आदल्या संध्याकाळी शाळा बंद करायला ते कामाचं नाही.

मग चूक कुणाची? माझ्या मते शाळा बंद ठेवायचा निर्णय जिल्हाभर एकच काढतात त्यांची. ऑरेंज म्हणजे 'तयार राहा', पाऊस पडणारच असं वचन नाही. रेड म्हणजे 'आता हालचाल करा'. तालुक्यागणिक निर्णय घेता येतो, मुळशी-वेल्हे बंद आणि इंदापूर-दौंड चालू, काही अवघड नाही, पण कुणी अंगावर घेत नाही कारण उद्या एखादी बस ओढ्यात अडकली तर नाव आपलं. मी कलेक्टर असतो तर मीसुद्धा बहुतेक सगळ्या बंद केल्या असत्या, हे खरं सांगतो.

प्रश्न: भाचा अकरावीत आहे, युट्युब बघून म्हणतो १९६९ ला चंद्रावर कुणी गेलंच नाही, झेंडा फडकताना दिसतो आणि आकाशात तारे नाहीत. त्याला गप्प कसं करू? — नाशिकचा मामा

उत्तर: गप्प करू नका हो, प्रश्न विचारतोय चांगलं आहे. झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती, हवा नाही हे नासालाही माहीत होतं, आणि दांडी नीट उघडली नाही म्हणून सुरकुत्या पडल्या. तारे: त्याला रात्री स्टेडियमच्या फ्लडलाईटखाली उभा करा, मोबाईलने मित्राचा फोटो काढायला सांगा आणि मग आकाशातले तारे मोजायला सांगा. चंद्रावर तेव्हा लख्ख सकाळ होती.

आणि आपला पुरावा द्या ना, अमेरिकेचा कशाला. चांद्रयान-२ चं लँडर आदळलं पण ऑर्बिटर फिरत राहिलं, त्याच्या कॅमेऱ्याने २०२१ मध्ये अपोलो ११ आणि १२ उतरले त्या जागांचे फोटो काढले, खाली सोडलेले सांगाडे दिसतात. शिवाय अपोलो ११, १४ आणि १५ वाल्यांनी ठेवलेल्या आरशांवर आजही पृथ्वीवरून लेसर मारतात, अडीच सेकंदांत उजेड परत येतो, त्यावरूनच कळतं की चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर लांब सरकतोय. आता भाचा विचारेल मग १९७२ नंतर कुणी उतरलं का नाही. पैसा! १९६६ मध्ये नासाला अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातले ४ टक्क्यांहून जास्त मिळत होते, आता अर्धा टक्कासुद्धा नाही. रशियाला हरवायचं होतं, हरवलं, तिजोरी बंद.

प्रश्न: इंग्रजीत एसएमएस लिहिला तर एकच जातो, मराठीत तेवढाच लिहिला तर दोन-तीन मोजतात. सोसायटीच्या नोटिशा मी एसएमएसने पाठवतो म्हणून लक्षात आलं. मराठीवर अन्यायच ना हा? — डोंबिवलीचे एक सेक्रेटरी

उत्तर: अन्याय कसला, जागेचं गणित आहे. एका एसएमएसला जागा १४० बाईटची, एक बाईट म्हणजे ८ बिट. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं म्हणून १६० मावतात, देवनागरीला प्रत्येकी १६ बिट, म्हणून ७०. आणि ही ७० आपण मोजतो तशी नव्हेत. 'महाराष्ट्र' म्हणजे तुम्हाआम्हाला चार अक्षरं, म, हा, रा, ष्ट्र. मशीनला दहा: काना वेगळा, हलन्त वेगळा. 'ज्ञानेश्वर' पण दहाच. तुमच्या नोटिशीत 'थकबाकीदार' असतंच, ते बघायला सहा पण मोजायला नऊ. आणि इंग्रजी मेसेजमध्ये एक साधा इमोजी टाकून बघा, अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो! तेव्हा हात जोडलेले चित्र काढून टाका, पाणी येणार नाही एवढंच लिहा, वाचवलेल्या पैशात गच्चीची गळती काढा.

प्रश्न: आम्ही दोघं स्वयंपाकघरात नवीन मिक्सर घ्यायचं बोललो, मी मोबाईलवर काहीही शोधलं नाही, शपथेवर सांगतो, आणि अर्ध्या तासात मिक्सरच्या जाहिराती. मोबाईल ऐकतो हे आता मान्य करा. — कोल्हापूरचे एक वाचक

उत्तर: तुम्ही शोधलं नाहीत, वहिनींनी? दोघं एकाच वायफायवर आहात ना? जाहिरातवाल्याला बाहेरून दिसतो घराचा एक पत्ता, त्या पत्त्यावरून कुणीतरी मिक्सरच्या जारची किंमत बघितली की घरातल्या सगळ्यांच्या मागे मिक्सर लागतो. मी हे पत्र वाचून वहिनींना विचारा असं कळवलं होतं, तर उत्तर आलं, 'ती म्हणते आदल्या रात्री जुन्याचं कपलिंग मिळतंय का ते बघितलं होतं.' बघा!

सतत ऐकत राहायचं तर आवाज कुठेतरी पाठवावा लागेल, डेटा संपेल, बॅटरी गरम होईल, आणि कुणीतरी ते पकडेल. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या मंडळींनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉईड ॲप तपासली, चोरून माईक चालू करणारं एकही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच, काही ॲप आपल्या स्क्रीनचं चित्रीकरण करून तिसऱ्यालाच पाठवत होती. म्हणजे कानाची भीती घेऊन बसलो आणि डोळा उघडा होता. लोकेशन, कोणत्या दुकानात किती वेळ थांबलात, कॉन्टॅक्टमधले लोक काय घेतात, एवढ्यावर अंदाज इतका बरोबर येतो की ऐकायची गरजच नाही, आणि मला तरी ते ऐकण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

अंदाज चुकलेल्या शंभर जाहिराती आपण न बघता वर ढकलतो, एक बरोबर लागली की शपथा घेतो, हेही आहेच. मी स्वतः तीन दिवस मोबाईल समोर ठेवून बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवण्याबद्दल बोलत होतो, घरच्यांनी डॉक्टरकडे न्यायचं काढलं होतं, पण धावेची एकही जाहिरात आली नाही. चौथ्या दिवशी फक्त एकदा शोधलं तर आठवडाभर ट्रॅक्टरचे टायर!

तरी खात्री करायची असेल तर नवीन अँड्रॉईडवर माईक चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, आयफोनवर नारिंगी. सेटिंगमध्ये जाऊन माईकची परवानगी कुणाकुणाला दिलीये ते बघा, टॉर्चच्या आणि कॅलेंडरच्या ॲपला माईक कशाला लागतो, काढून टाका. आणि ते कपलिंग मिळालं का नाही ते कळवा, आमच्याही मिक्सरचं गेलंय, दुकानदार म्हणतो तो पार्टच येत नाही आता.